परत आलेल्या बाईला दार कोण उघडणार?

गुड फ्रायडेच्या दिवशी आमच्या शेजारच्या मावशी दुपारी तीनपर्यंत पाणीसुद्धा घेत नाहीत. मूळच्या त्या नगरकडच्या. यजमान रेल्वेत होते म्हणून लोणावळ्यात आल्या आणि इथल्याच झाल्या. बारा ते तीन त्यांच्या चर्चमध्ये येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर प्रवचनं असतात. ती ऐकून घरी आल्या की मग त्या चहा घेतात. पहिल्या वर्षी मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. उपास आहे म्हटल्यावर मी आपली साबुदाण्याची खिचडी घेऊन गेले! मावशी खूप हसल्या. "अगं, आमच्या उपासाला साबुदाणाच लागतो असं कुठे लिहिलंय?" असं म्हणाल्या आणि वाटीभर खाल्लीही. तेव्हापासून गुड फ्रायडेला साडेतीनच्या सुमारास खिचडीचा डबा घेऊन जायचं, हा आम्हा दोघींचा नेमच झालाय.

काही वर्षांपूर्वी मात्र मी डबा घेऊन गेले ती रडवेली होऊनच.

झालं होतं असं. आमच्या बचत गटात आम्ही चौदा जणी. कुणी चिक्कीच्या दुकानात काम करणारी, कुणी बंगल्यांवर स्वयंपाकाला जाणारी, दोघी-तिघी शेतावरच्या. दर महिन्याला प्रत्येकीचे दोनशे रुपये आणि कर्जाचे हप्ते असे जमवून बँकेत भरायचे. खजिनदार होती ती आमच्यातली सगळ्यात हुशार, हिशेबात एक रुपया इकडचा तिकडे न होऊ देणारी. त्या वर्षी तिच्या मुलाची डिप्लोमाची फी भरायची शेवटची तारीख आली. भिशीचे पैसे येणार होते, ते आले नाहीत. तिच्याकडे गटाचे अठरा हजार रुपये होते. तिनं ते भरून टाकले.

आणि हे तिनं मला सांगितलं होतं! "ताई, दोन महिन्यांत जागेवर ठेवते. कुणाला बोलू नका." मी बोलले नाही. तिची कीव आली, शिवाय भांडण नको होतं. पण दोन महिन्यांच्या आतच एकीनं पासबुक बघितलं आणि बैठकीत सगळं बाहेर आलं. आरडाओरडा झाला. "चोरटी" म्हणाल्या, "आमच्या घामाचे पैसे" म्हणाल्या. त्यात चूक काहीच नव्हतं, घामाचेच होते. मग एकीनं माझ्याकडे वळून विचारलं, "ताई, तुम्हाला ठाऊक होतं का हो?"

मी म्हटलं, "मला कसं ठाऊक असणार?"

तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. बोलली काहीच नाही. नुसतं बघितलं.

दुसऱ्या दिवशी ती पाच हजार रुपये आणि कानातलं घेऊन अध्यक्षबाईंच्या दारात गेली. "एवढं आत्ता घ्या, बाकीचं फेडते," म्हणाली. त्यांनी दारातूनच परत पाठवलं. "आता कशाला आलीस? तुझं तू बघ." त्यानंतर ती घराबाहेर पडली नाही. तिची मुलगी माझ्याकडे सांगत आली, "आई दोन दिवस जेवली नाही. कुणाशी बोलत नाही."

हे सगळं मी मावशींना सांगितलं. माझं खोटं बोलणंही सांगितलं. मावशींनी डबा बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "आज चर्चमध्ये आम्ही हेच तर वाचलं."

मैत्रिणींनो, मी काही ख्रिस्ती नाही. आमच्याकडे देवघर आहे, चैत्रात कार्ल्याला एकवीरा आईच्या दर्शनाला जाणं आहे. गुड फ्रायडे म्हणजे बँकेला सुट्टी आणि लोणावळ्यात पर्यटकांची गर्दी, एवढंच मला माहीत. येशूला त्याच्याच माणसानं पकडून दिलं आणि तो वधस्तंभावर गेला, ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकींना शाळेतल्या धड्याइतकी ठाऊक असते. पण त्या दिवशी मावशींनी ती मला एका बाईच्या तोंडून ऐकवली. तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, की या गोष्टीत दगा देणारा एक नाही, दोघं आहेत.

एक यहूदा. बारा शिष्यांपैकी एक. योहानाच्या शुभवर्तमानात लिहिलंय, की शिष्यांची पैशाची थैली त्याच्याकडे असायची. म्हणजे तोही खजिनदारच! त्यानं मुख्य याजकांकडून चांदीची तीस नाणी घेतली आणि रात्री बागेत येशूचं चुंबन घेऊन, 'हाच तो' अशी खूण पटवून दिली. तीस नाणी म्हणजे किती? जुन्या करारातल्या नियमशास्त्रात एखाद्याच्या बैलानं कुणाचा दास मारला, तर धन्याला भरून द्यायची रक्कम तीस शेकेल चांदी आहे. म्हणजे एका गुलामाची किंमत.

दुसरा पेत्र. सगळ्यात जवळचा. 'बाकीचे सोडून गेले तरी मी जाणार नाही,' असं छातीठोकपणे सांगणारा. त्याच रात्री वाड्याच्या अंगणात लोक शेकोटीशी बसले होते. तिथल्या एका दासीनं त्याला ओळखलं. 'तू पण त्याच्याबरोबरचाच ना?' पेत्र म्हणाला, मी त्याला ओळखत नाही. एकदा नाही, तीनदा. मग कोंबडा आरवला. लूक सांगतो, की त्या वेळी येशूनं वळून पेत्राकडे बघितलं. पेत्र बाहेर जाऊन ढसाढसा रडला.

"बघितलं" हा शब्द मावशींनी उच्चारला आणि माझ्या अंगावर काटा आला. मला आमची बैठक आठवली. मी इतका वेळ मावशींना सांगत होते की तिनं गटाला दगा दिला. तिनं गटाला दिला, हे खरंच. पण तिला कुणी दिला?

आपण मावळातली माणसं. फितुरी या शब्दाचा आपल्याला मनापासून राग. अफझलखान चालून आला तेव्हा, १६५९ साली, बारा मावळातले काही देशमुख खानाला जाऊन मिळाले. त्यात खंडोजी खोपडे होते. कान्होजी जेध्यांनी मात्र वतनावर पाणी सोडलं आणि मुलांसह ते महाराजांच्या बाजूला उभे राहिले. लहानपणापासून ऐकलेल्या या गोष्टीतून आपल्या मनात दोनच चित्रं पक्की बसतात. हा फितूर, हा त्यागी. एक काळा, एक पांढरा. पण त्याच गोष्टीत पुढे असंही सांगतात, की खंडोजी हाती लागल्यावर त्यांच्या जिवासाठी रदबदली केली ती कान्होजींनीच. शिक्षा झाली, एक हात आणि एक पाय गेला, पण जीव वाचला. हा भाग आपण मुलांना सांगताना गाळतो.

लढाईत फितुरीला शिक्षा हवीच. पण आपल्या रोजच्या जगण्यातला दगा शत्रूच्या छावणीत जाऊन होत नाही. तो घरात, गटात, भावंडांत होतो. भीतीपोटी होतो, गरजेपोटी होतो, नुसतं गप्प राहिल्यानंही होतो. दगा परका माणूस देऊच शकत नाही, कारण त्याच्यावर आपण विश्वास टाकलेलाच नसतो. ज्या ताटात दोघं जेवतात, तिथेच दगा होतो. येशूच्या गोष्टीतही तो शेवटच्या जेवणाच्या पंगतीतूनच उठून गेला. आणि योहानाच्या सांगण्याप्रमाणे त्या रात्री येशूनं सगळ्या शिष्यांचे पाय धुतले, तेव्हा यहूदाही तिथेच होता.

मग मी मावशींना विचारलं, "दोघांनीही दगा दिला, तर एकाचं नाव शिवी झालं आणि दुसऱ्याच्या नावानं चर्च उभी राहिली, असं का?"

मावशी म्हणाल्या, "मीही लहानपणी आईला हेच विचारलं होतं. तुला वाटेल यहूदाला पश्चात्ताप झाला नाही. झाला! मत्तयच्या सत्तावीसाव्या अध्यायात आहे. तो ती तीस नाणी घेऊन याजकांकडे परत गेला. मी निरपराध माणसाला पकडून दिलं, असं कबूल केलं. तर ते म्हणाले, त्याचं आम्हाला काय, तुझं तू बघ."

तुझं तू बघ! अगदी अध्यक्षबाईंचेच शब्द.

यहूदानं ती नाणी मंदिरात फेकली आणि जाऊन गळफास घेतला. याजकांनी नाणी वेचली. हा रक्ताचा पैसा, मंदिराच्या खजिन्यात चालायचा नाही, असा नियमही त्यांना लगेच आठवला! मग त्यातून कुंभाराचं शेत विकत घेतलं, परक्या लोकांना पुरायला. माणूस मेला त्याचं काही नाही, हिशेब मात्र चोख.

पेत्राचं वेगळं झालं. तो रडला, पण गेला नाही. बाकीच्या शिष्यांबरोबर राहिला, मासे धरायला परत गेला. येशू पुन्हा उठला असं ख्रिस्ती लोक मानतात. योहानाच्या शेवटच्या अध्यायात सरोवराच्या काठावर त्या दोघांची भेट होते. तिथे कोळशाचा विस्तव पेटलेला आहे, मासे भाजलेले आहेत. येशू आधी सगळ्यांना खायला घालतो. मग पेत्राला तीनदा एकच प्रश्न विचारतो, माझ्यावर तुझं प्रेम आहे ना? जितक्या वेळा नाकारलं, तितक्या वेळा बोलायची संधी. 'तू असं का केलंस,' हे एकदाही नाही.

मला जे समजलं ते एवढंच. दोघंही चुकले, दोघांनाही पस्तावा झाला. फरक पडला तो कुणाच्या दारात गेले यानं. एकाला दार बंद मिळालं, एकाला विस्तवापाशी जागा मिळाली. धर्मपंडित याची आणखी शंभर कारणं सांगतील. मी साधी गृहिणी, मला हे कारण पुरलं.

आता त्यागाचं. हा शब्द तर आपल्याला हळदीकुंकवासारखा लावलेला! बाईनं त्याग करावा, हे वेगळं सांगावं लागत नाही. शिळं खाणं त्याग, नोकरी सोडणं त्याग, नवऱ्याचा मार गुपचूप सोसणं हाही त्यागच. मावशी सांगत होत्या, की त्यांच्याही लोकांत एखादीनं घरच्या छळाची तक्रार केली, की 'आपापला वधस्तंभ उचलायचा असतो, बाई' असं सांगणारी वडीलधारी मंडळी होती. मावशींना त्याचा फार राग. त्या म्हणाल्या, "आमचा विश्वास काय सांगतो? त्यानं स्वतःच्या मर्जीनं जीव दिला, कुणी हिसकावून घेतला नाही. आणि तो एकदाच, सगळ्यांसाठी दिला. इब्री लोकांना लिहिलेल्या पत्रात हेच समजावलंय, की आता पुन्हा पुन्हा बळी द्यायची गरज उरली नाही. मग घरातल्या सुनेचा रोज बळी कशाला हवा?"

होशेय नावाच्या जुन्या संदेष्ट्याचा दाखला येशूनं मत्तयच्या शुभवर्तमानात दोनदा दिलाय. देवाला बळीपेक्षा दया प्रिय आहे, असा त्याचा अर्थ. आपल्या संतांनीही याहून वेगळं काय सांगितलं?

आणि याच गोष्टीत एका बाईचा त्याग आहे. तो कुणी मागितलेला नव्हता. बेथानी गावात येशू जेवायला बसलेला असताना एक बाई अत्यंत महागडं सुगंधी तेल घेऊन आली आणि तिनं ते सगळं त्याच्यावर ओतलं. योहान म्हणतो ती मरीया, मार्थेची बहीण. त्या तेलाची किंमत तीनशे दिनार, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षाची मजुरी. यहूदानं लगेच नाक मुरडलं, एवढ्यात किती गरिबांचं भागलं असतं! येशू म्हणाला, हिला त्रास देऊ नका, तिनं चांगलं काम केलंय. जिथे जिथे ही गोष्ट सांगितली जाईल, तिथे हिची आठवण निघेल. मत्तयनं हा प्रसंग यहूदाच्या सौद्याच्या अगदी आधी ठेवलाय. एकीकडे बाईनं न मागता दिलेले तीनशे, दुसरीकडे पुरुषानं मागून घेतलेले तीस!

स्वतःच्या मनानं दिलेलं ते दान. दुसऱ्यानं काढून घेतलेलं ती लूट, मग तिला त्याग म्हणा नाहीतर आणखी काही.

हे आपल्या मराठी मातीतल्या एका बाईनं जगून दाखवलंय. लक्ष्मीबाई टिळक. 'स्मृतिचित्रे' तुमच्यापैकी अनेकींनी वाचलं असेल. नसेल वाचलं, तर गावच्या वाचनालयात मागा. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या बाजूनं बघितलं तर तो सत्याच्या शोधात केलेला केवढा मोठा त्याग! जात, नातेवाईक, मान, सगळं गेलं. पण लक्ष्मीबाईंच्या बाजूनं? पदरात लहानगा दत्तू. नवरा जिवंत आणि तरी संसार मोडलेला. एकाचा त्याग हा दुसरीच्या वाट्याला दगा म्हणून येतो, हे त्या पानांतून जितकं कळतं, तितकं कुठल्या प्रवचनातून कळत नाही.

त्या रडल्या, आजारी पडल्या, पण नवऱ्यामागे ओढल्या गेल्या नाहीत. चार-पाच वर्षं वेगळ्या राहिल्या. मग टिळकांकडे राहायला गेल्या त्या आपलं सोवळं-ओवळं आपल्यापाशी ठेवून. धर्म बदलण्याची जबरदस्ती होऊ दिली नाही. पुढे जातिभेद माणसानं केलेला आहे, देवानं नाही, हे त्यांचं त्यांना पटलं, तेव्हा त्यांनी आधी सोवळं सोडलं आणि १९०० साली स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याला माफही त्यांनी आपल्या वेळेनं केलं, आपल्या चालीनं केलं. आणि शेवटी काय? टिळक १९१९ साली वारले, त्यांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य सुरुवातीच्याच अध्यायांवर अडलं होतं. फारसं शिक्षण न झालेल्या या बाईनं पुढचे बहुतेक सगळे अध्याय लिहिले! हा त्याग कुणी लादला असता तर एक ओळ तरी झाली असती का?

दुसरी बाई आपल्याच पुणे जिल्ह्यातली. लोणावळ्याहून पुण्याला गेलं, तिथून दौंडकडे जाणारी गाडी धरली की केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथे आजही आहे. रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. १८९३ साली मुलींना बाटवल्याचा गवगवा झाला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकरांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतलं, पालकांनी मुली घरी नेल्या. समाजानं त्यांना विश्वासघातकी ठरवलं. गंमत म्हणजे तिकडे इंग्लंडमध्ये त्यांना बाप्तिस्म्यापर्यंत नेणाऱ्या जोगिणींचीही तक्रार होती, की ही बाई सांगितलेलं मुकाट्यानं मानत नाही, फार प्रश्न विचारते! दोन्हीकडून बोल खाल्ले. जी बाई स्वतः विचार करते, तिला कुणीतरी दगाबाज म्हणतंच, नाही का?

पण रमाबाईंनी त्या बोलांचा हिशेब मांडत आयुष्य घालवलं नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो उपाशी मुली-बायका आणल्या. केडगावला त्यांनी एक वेगळं घर बांधलं, 'कृपासदन'. फसवल्या गेलेल्या, 'वाया गेल्या' म्हणून घरानं आणि गावानं बाहेर काढलेल्या बायकांसाठी. त्या काळात अशा बाईला विहीर तेवढी मोकळी असायची. रमाबाईंनी तिला दार दिलं आणि त्या दाराला नाव दिलं कृपा. गुड फ्रायडेचा अर्थ विचाराल, तर मला त्या एका घराच्या नावात सापडतो.

मात्र क्षमा म्हणजे आंधळेपणा नव्हे. बायकांच्या बाबतीत तर हे ठासून सांगायला हवं. कारण दार उघडण्याचं काम नेहमी आपल्याकडेच येतं आणि परत येणारा बहुतेक वेळा नवराच असतो! साधा कायदा बघा ना. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं एकच कारण पुरायचं. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य किंवा सोडून जाणं असं आणखी काहीतरी सिद्ध करावं लागायचं. तिच्या दग्याचं वजन वेगळं, त्याच्या दग्याचं वेगळं! हा भेद जायला २००१ साल उजाडलं. आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा तर कुठल्याही धर्माच्या बाईला लागू आहे. मार खाणाऱ्या बाईला 'क्षमा कर, सोस' म्हणणं हा त्याग शिकवणं नाही, तो तिच्याशी केलेला दगा आहे. पेत्राला विस्तवापाशी जागा मिळाली ती तो रडला, वळला आणि पुढे जन्मभर वेगळा वागला म्हणून. रोज नाकारायचं आणि रोज विस्तवापाशी येऊन बसायचं, असं नव्हतं ते.

आता आमच्या गटाचं सांगते.

गुड फ्रायडेच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच मी तिच्या घरी गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. ती भिंतीला टेकून बसली होती. मी म्हटलं, "मी खोटं बोलले. बैठकीत सगळ्यांसमोर कबूल करणार आहे." ती म्हणाली, "ताई, कशाला तुम्ही पण?" मग दोघी रडलो. तिच्या मुलीनं चहा केला, तो तिनं घेतला. मला तेवढं पुरे होतं.

बैठकीत मी आधी माझं सांगितलं. माझ्यावर सगळ्या चिडल्या, आणि ते रास्तच होतं. एकजण म्हणाली, "तुम्ही शिकलेल्या असून असं?" मला उत्तर नव्हतं. त्या दिवशी कळलं, की पेत्राच्या जागेवर उभं राहणं सोपं नसतं, तिथे माफीआधी लाज आपल्या वाट्याला येते. पण एक झालं. ताईसुद्धा चुकते म्हटल्यावर तिच्याकडे बघणाऱ्या नजरा जरा खाली आल्या. मग दोन तास चर्चा झाली. कानातलं तिनं परत ठेवावं, असं ठरलं. पाच हजार आत्ता घ्यायचे, बाकीचे तेरा हजार महिना हजारानं फेडायचे. खजिनदारपद दुसरीकडे. यापुढे रोख रक्कम दोघींनी मोजायची, दोघींनी सही करायची आणि दुसऱ्या दिवशी बँकेत भरायची. आणि असा फीचा किंवा दवाखान्याचा प्रसंग आला, तर तातडीचं कर्ज मागायला कुणी लाजायचं नाही. खरं तर हा नियम आधी असता, तर ती चोरी झालीच नसती. तिनं मागितलं नाही ही तिची चूक, पण मागता येईल असं आम्ही वागलो नव्हतो ही आमची.

तेरा महिने ती दर बैठकीला आली. पहिले काही महिने दाराशी बसायची, कुणी बोललं तरच बोलायची. एकजण तर अजूनही तिच्याशी बोलत नाही. तिचेही पैसे होते, तिला वाटेल तेव्हा बोलेल. आम्ही तिला घाई करत नाही. शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी तिनं पावती मागून घेतली, नीट घडी घालून ब्लाऊजच्या खिशात ठेवली आणि पहिल्यांदा मधे येऊन बसली. मुलगा आता चाकणला नोकरीला आहे.

खिचडीचा नेम अजून चालू आहे. मावशींच्या गुडघ्यांनी आता उचल खाल्लीय, चर्चला रिक्षानं जातात. मागच्या खेपेला मी गमतीनं म्हटलं, "मावशी, तुमच्या यहूदाला कुणी एक दार उघडलं असतं तर?" मावशी बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मीही दरवर्षी हाच विचार करत चर्चमधून घरी येते गं."

मैत्रिणींनो, तुमच्याही गटात, भावकीत, शेजारात अशी एखादी असेल. चुकलेली, पस्तावलेली, आणि कुणाच्या दारात जावं हे न कळून घरात बसलेली. तिचा हिशेब जरूर मागा, कागदावर लिहून मागा. पण ती पैसे घेऊन दारात आली, की 'तुझं तू बघ' म्हणू नका. दोन हजार वर्षांपूर्वी ते शब्द एकदा म्हणून झालेत, आणि त्यातून परक्यांना पुरायच्या जागेशिवाय काहीही उगवलं नाही.